पाचवा मजला, लिफ्ट नाही

अठरा लाख येन.
'एवढ्या पैशांत तोक्योत,' शिमोमुकाई म्हणाला,
'फार तर गाडी उभी करायला जागा मिळेल.'
हे वाक्य तो रोज कुणाला तरी म्हणत असणार.
बूट काढताना त्याच्या मोज्याला भोक दिसलं,
त्याने अंगठा मुडपला,
आणि त्या क्षणी माझा त्याच्यावर विश्वास बसला.

'आधी वाईट ते सांगतो.
इमारत माझ्या जन्माआधीची,
भूकंपाचे नवे नियम यायच्याही आधीची.
उत्तरेच्या भिंतीला ओल येते.
जानेवारीत रात्री नळ रिकामे करून झोपायचं,
विसरलात तर फुटतात.
न्हाणीघरातला बंब हाताने फिरवून पेटवावा लागतो.
आणि पायऱ्या बहात्तर.
घेणं सोपं आहे, हाशिकामीसान.
विकणं नाही.'

विकायचंय कुणाला, मी म्हटलं.

खिडकीतून समुद्र दिसतो, असं जाहिरातीत होतं.
दिसतो.
शीतगृह आणि चिमणी यांच्या मधे, दोन बोटं.

भाड्याच्या घरांच्या अर्जावर एक चौकट असते:
जामीनदार.
तिथे मी भावाचं नाव लिहायचे.
गेल्या वसंतात भाऊ गेला
आणि चौकट तेवढी राहिली.
तीन घरमालकांनी कमरेत वाकून,
फार फार वाईट वाटून, नकार दिला.
एकटी बाई. पन्नाशीची. उद्या काही झालं तर?
हाचिनोहेतला नकार असाच असतो,
गोगलगाय नि पोटात पाय.

सही नाही, शिक्का.
वडिलांनी शाळा सुटल्यावर करून दिलेला.
याआधी तो एकदाच मोठ्या कामाला आला होता,
घटस्फोटाच्या कागदावर.
तेव्हा हात थरथरला नव्हता.
आता थरथरला, आणि हाशिकामीतलं 'मी'
जरा तिरकं उमटलं.
कारकून म्हणाला, चालेल.

आधीची बाई त्सुकुदा.
तिची मुलं साइतामाला.
त्यांनी सगळं नेलं, म्हणजे टाकून दिलं,
फक्त ओट्याखालचं कपाट उघडायचं राहिलं.
त्यात अकरा रिकामे डबे,
बांगड्याचे,
घासूनपुसून, एकात एक न मावणारे
तरी नीट रचलेले.
एक उलटा करून पाहिला.
बुडावर तारीख, आणि खाली बारीक: लाइन ३.

सव्वीस वर्षं
लाइन तीनवर मीच उभी आहे.
पांढरे गमबूट, केसांवर जाळी,
मासा डोकं तोडून येतो,
मी त्याला आडवा करते, झाकण पुढे जातं.
डबे कुठे जातात, मी कधी विचारलं नव्हतं.
हे अकरा इथे आले होते,
बहात्तर पायऱ्या चढून,
माझ्याआधी.

दहांत कांद्याची पात लावली.
अकरावा ठेवलाय.

पहिल्याच महिन्यात सोसायटीची सभा.
सहा माणसं, सर्वांत तरुण एकाहत्तरची.
चहा ओतायच्या आत मला खजिनदार केलं.
दुसऱ्या मजल्यावरचे मुगुरुमासान म्हणाले,
'तुमचे गुडघे चांगले आहेत.'
हीच पात्रता.
वही उघडली: दुरुस्ती निधी,
गच्चीच्या अर्ध्या डांबराला पुरेल इतका.
उरलेली अर्धी गच्ची माझ्या डोक्यावर.
मी बेरीज दोनदा केली.
दुसऱ्यांदाही तेवढीच आली.
कुणी काही बोललं नाही,
कुणीतरी तांदळाचे वडे पुढे सरकवले.

डिसेंबर.
रॉकेलचा डबा अठरा लिटरचा.
पहिला मजला, दुसरा.
तिसऱ्याच्या वळणावर एक लाकडी खुर्ची आहे.
कुणाची ते कुणालाच माहीत नाही,
की सगळ्यांनाच माहीत आहे, कोण जाणे.
मी अजून बसले नाही.
डबा टेकवते, हात बदलते,
खिडकीच्या फटीतून आलेला बर्फ
खुर्चीवरून बाहीने झाडते,
आणि वर जाते.